सांगावें कीं न सांगावें

मनुष्याला रोगापेक्षां रोगाच्या नांवाचें भय अधिक वाटतें, असें आम्ही इतरांविषयीं नेहमी म्हणत असूं. गेल्या आषाढांत तें आमच्यावरच उलटलें.

लग्नापूर्वीं चार वर्षें आमच्या गुह्यांगावर पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका उठला होता. डॉक्टरांनीं त्याला हर्पीस म्हटलें. फोड वाळले, एकदोनदां पुन्हां डोकावले, मग पाहुणा कायमचा गेला, अशी आम्हीं समजूत करून घेतली. पत्नीनें विचारलें नाहीं, आम्हीं सांगितलें नाहीं. वकिली दृष्टीनें यांत खोटें कांहींच नव्हतें.

घरांत पाळणा हलावा अशी दोघांचीहि इच्छा झाली व निरोध बाजूला राहिला. दुसऱ्याच सकाळीं ती ओळखीची चुणचुण जाणवली. सायंकाळीं फोड दिसला. हा विषाणु कण्याच्या तळाशीं मज्जातंतूंच्या गांठींत जन्मभर दडून राहतो. चुणचुणीच्या वेळींच नव्हे, तर अंगावर कांहीं दिसत नसतांनाहि त्याचा संसर्ग होऊं शकतो. लक्षणें दिसलींच तर बहुधा दोन ते बारा दिवसांत दिसतात. आम्ही दिवस मोजूं लागलों. पांचव्या दिवशीं ही म्हणाली, "अहो, उन्हाळी लागलीसें वाटतें." धण्याचें पाणी पिऊन ती दुपारपर्यंत तें विसरूनहि गेली, आमच्या घशाखालीं मात्र घास उतरेना.

र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें आणि या विषयांवर उघड लिहिल्यामुळें कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्यांचें नांव अभिमानानें घेणाऱ्या आम्हांला स्वतःच्या घरांत एक वाक्य बोलवत नव्हतें!

भीति तिच्यापुरतीच नव्हती. गरोदरपणाच्या अखेरीस आईला प्रथमच लागण झाली, तर नवजात बालकाच्या जिवावर बेतूं शकतें. तें टाळावयाचें तर डॉक्टरांना आधीं ठाऊक हवें. आमचें मौन आतां तिसऱ्याच जिवाच्या वाटेंत उभें होतें.

नवव्या रात्रीं आम्हीं सांगितलें. तिनें एकच प्रश्न केला, "हें तुम्हांला लग्नाआधीं ठाऊक होतें?"

"होय."

ती उठून गच्चीवर गेली. दोन दिवस घरांत कामापुरतेंच बोलणें झालें. तिसऱ्या दिवशीं म्हणाली, "डॉक्टरांकडे दोघांनीं जायचें आहे."

डॉक्टरांना नवल वाटलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १५ ते ४९ वयाच्या माणसांत पांचांमागें एकाहून अधिकांना हा विकार आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताहि नसतो. समूळ बरें करणारें औषध नाहीं. पण व्हॅलासायक्लोव्हीर रोज घेतल्यास जोडीदाराला लागण होण्याचा संभव सुमारें निम्म्यानें घटतो, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. फोड असतांना दूर राहावें. एरवीं निरोधानें धोका कमी होतो, संपत नाहीं. रक्ताच्या पहिल्या परीक्षेनें मात्र उलगडा होत नाहीं; ती तीन महिन्यांनीं पुन्हां करावी लागते.

आश्विनांत तिची दुसरी परीक्षा निर्दोष आली. आम्हीं पेढे आणले. तिनें एक उचलला आणि तोंडांत घालण्यापूर्वीं विचारलें, "आणखी कांहीं सांगायचें राहिलें आहे का?"

हा प्रश्न ती अजूनहि अधूनमधून विचारते. त्यांत थट्टा किती नि संशय किती, हें आम्हांला अद्याप कळलेलें नाहीं. तो विचारण्याचा तिला हक्क आहे, एवढें मात्र कळलें आहे.