नव्याण्णव डॉलरचा ऊया

जुलै २०१२. ‘ऊया’ या ९९ डॉलरच्या अँड्रॉइड कन्सोलसाठी जूली उरमन यांच्या नवख्या कंपनीने किकस्टार्टरवर साडेनऊ लाख डॉलर मागितले; ६३ हजारांहून अधिक लोकांनी ८५ लाखांवर दिले. सोनी-निन्टेन्डोची मिरास असलेल्या दिवाणखान्यात एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरचा खेळही पोहोचेल, या कल्पनेने मीही भारावलो होतो. यंत्र २०१३ साली आले, पण त्यासाठीच ते विकत घ्यावे असे खेळ मोजकेच. ‘टॉवरफॉल’ हा त्यांतला अस्सल मोती. तोही वर्षभरात इतर कन्सोलवर गेला. २०१५ मध्ये रेझरने सॉफ्टवेअर आणि माणसे घेतली, यंत्र मात्र नाही. बुडालेल्या पैशांपेक्षा मला बोचतो तो जून २०१९: सर्व्हर बंद झाले आणि केवळ ऊयावर असलेले छोटे खेळ दुकानासकट गेले. हौशी मंडळींनी जमतील तेवढे आधीच उतरवून ठेवले होते.