ओवाळणारे हात

औक्षणाच्या तबकात फारसं काही लागत नाही. हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, तुपाचं निरांजन आणि तोंड गोड करायला साखर. समोर पाट, पाटाभोवती रांगोळी आणि पूर्वेकडे तोंड करून बसलेला उत्सवमूर्ती. मात्र एका गोष्टीवाचून हे सगळं अडतं, ती म्हणजे ओवाळणारं माणूस. स्वतःला स्वतः ओवाळता येत नाही. आपल्याला आयुष्य मिळावं म्हणून दुसऱ्या कुणीतरी समोर उभं राहावं लागतं. वाढदिवसात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घरी वाढदिवस तिथीने व्हायचे. सकाळी न्हाणं, नवा फ्रॉक, सिद्धेश्वराचं दर्शन आणि संध्याकाळी शेवयांची खीर. केक तेव्हा घराघरांत पोचला नव्हता. वडील गिरणीत होते. भोंगा झाला की ते घरी येत आणि मगच आई आम्हाला ओवाळायची. तिचा स्वतःचा वाढदिवस कुणाला ठाऊक नव्हता. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख १ जून होती. त्या पिढीत अशा १ जूनच्या तारखा घरोघर सापडतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकायची, ही तेव्हाची रीतच होती.

मी नववीत असताना वडील गेले. त्यानंतरच्या वाढदिवशी तबक आईनेच तयार केलं. वाती वळल्या, अक्षतांना कुंकू लावलं, अंगठी घासून ठेवली. ओवाळायला मात्र काकूंना बोलावलं. आई स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभी राहिली. पुढे माझ्या लग्नातही ती तशीच मागे उभी होती. कुणी तिला मागे सरायला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

कार्तिकीला पंढरपुरी गेलो की ती चंद्रभागेत द्रोणातला दिवा सोडायची. वाकून तो पाण्यावर ठेवायची, दोन्ही हातांनी पाणी मागे लोटून त्याला पुढे ढकलायची आणि आम्हा भावंडांची नावं घ्यायची. घरात जो दिवा तिच्या हाती चालत नव्हता, तो नदीला चालत होता. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतही तेच. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच नंदीध्वज आणि त्यांच्यावर अक्षता टाकणारी लाखोंची गर्दी. टाकणारी बाई सवाष्ण आहे की विधवा, हे तिथे कुणी विचारत नाही. देवाच्या लग्नाला तिच्या अक्षता चालतात. मग पोटच्या लेकराच्या वाढदिवसाला का चालू नयेत?

माझ्या हाती तबक आलं ते भाऊबीजेला भावांसाठी, पाडव्याला नवऱ्यासाठी, नंतर मुलांसाठी आणि पुढे नातवंडांसाठी. नवरा गेला आणि पुढच्याच भाऊबीजेला एका नातेवाईक बाईंनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. रीत पाळायची एवढंच. धाकटा भाऊ पाटावरून उठला आणि म्हणाला, "अक्का ओवाळणार असेल तरच बसतो." त्या दिवशी मी त्याला ओवाळलं. असा भाऊ प्रत्येकीला मिळत नाही, म्हणून हा प्रश्न भावावर सोडून चालत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हाच मार्ग दाखवला. या चळवळीचं एक मूळ आमच्याच सोलापूर जिल्ह्यात आहे, याचा मला अभिमान वाटतो. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि गावागावांत हा विषय लावून धरला.

माझी सत्तरी आली तेव्हा मुलांनी डॅन्यूब नदीतल्या जहाजावर जायचं ठरवलं. मी अट घातली की मैत्रिणी हव्यात. मुलगा, सून, लेक, जावई, नातवंडं, धाकटा भाऊ आणि शाळेपासूनच्या दोघी मैत्रिणी असा आमचा गोतावळा जर्मनीतल्या पासाऊ गावी जहाजावर चढला. तिथे इन आणि इल्झ या दोन नद्या डॅन्यूबला मिळतात. तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे, आणि थोडं अंतर ती शेजारी शेजारी वाहताना दिसतात. आमच्या हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना भेटतात, ते आठवलंच. साधारण २,८५० किलोमीटरची ही नदी दहा देशांतून जाते. तिच्या काठावर किलोमीटरचे फलक आहेत, पण मोजणी मुखापासून उगमाकडे. त्यामुळे जहाज खाली जातं तसतसे आकडे कमी होत जातात. धरणाशी आलं की जहाज दोन उंच भिंतींमध्ये थांबतं, मागचं दार बंद होतं, पाणी सोडतात आणि अख्खं जहाज हळूहळू खालच्या पातळीला उतरतं. चार-पाच दिवसांआड नळाला येणाऱ्या पाण्यावर संसार केलेल्या आम्ही तिघी कठड्याशी उभ्या राहून ते पाणी पाहत राहिलो.

वाढदिवसाच्या सकाळी जहाज ऑस्ट्रियात वाखाऊच्या खोऱ्यात होतं. मेल्कचा पिवळा मठ मागे पडला होता आणि दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा होत्या. लेकीने सोलापुरी टॉवेलात गुंडाळून आणलेलं आईचं पितळी ताम्हन बाहेर काढलं. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, म्हणून निरांजनात बॅटरीचा इवलासा दिवा ठेवला. भावाने मोबाइलवर पूर्व बघून खुर्ची मांडली. कुंकू लावून होईपर्यंत नदी वळली आणि पूर्व खिडकीच्या दुसऱ्या अंगाला गेली. खुर्ची पुन्हा फिरवली.

पहिलं औक्षण सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या पद्मशाली मैत्रिणीने केलं. तिचा नवरा करोनात गेला. तिने माझ्या कपाळी कुंकू लावलं, अंगठी-सुपारी तीनदा ओवाळली, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि तेलुगूत आशीर्वाद दिला. मग मी उठले, तिला त्याच खुर्चीत बसवलं आणि तिला ओवाळलं. तिचा वाढदिवस नव्हता, पण त्यासाठी थांबायचं कशाला? त्यानंतर सून, लेक, नात, सगळ्यांनी आळीपाळीने ताम्हन हाती घेतलं. जहाजावरच्या मंडळींनी केक आणला, तो कापला. दुपारी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघाली. ती शेजारच्या टेबलावरच्या ऑस्ट्रियन आजोबांनीही चाखली आणि आणखी मागितली.

इतक्या दूर जाऊन हे का करायचं, असं परतल्यावर काहींनी विचारलं. खरंच, यासाठी डॅन्यूब लागत नाही. साखर पेठेतल्या स्वयंपाकघराच्या चौकटीपासून समोरच्या पाटापर्यंत चार पावलांचं अंतर आहे. वडील गेल्यानंतर माझ्या आईला ते आयुष्यभर ओलांडता आलं नाही, कारण घरातल्या कुणी तिला "ये" म्हटलं नाही. ग्रामसभेचा ठराव आणि सरकारचं परिपत्रक दारापर्यंत येतात. चौकटीच्या आतलं काम घरातल्यांनाच करावं लागतं.

तुमच्या घरात अशी आई, आत्या, मावशी, सासू असेल. पुढच्या वाढदिवसाला तबक तयार झालं की ते पहिल्यांदा तिच्या हाती द्या. मग तिलाच पाटावर बसवा आणि ओवाळा. तिची जन्मतारीख माहीत नसेल, तर १ जूनसुद्धा चालेल.