रिकामा रकाना

आईच्या मधुमेहाची नोंद वहीऐवजी मोबाईलमध्ये ठेवावी, ही सूचना माझीच. गेल्या पावसाळ्यात ती अंथरुणास खिळली, तेव्हा धाकटी बहीण इंदूरहून बडोद्यास आमच्याकडे येऊन राहिली. शुश्रूषा करणारे आम्ही दोघे. एकाने लिहिलेले दुसऱ्यास तत्काळ दिसावे, एवढीच अपेक्षा होती.

अडचण अशी, की माझा मोबाईल अँड्रॉइडचा, तिचा ॲपलचा आणि कचेरीतील संगणक विंडोजचा. तिचा जीव ॲपलच्या ‘नोट्स’वर, परंतु अँड्रॉइडसाठी ते ॲप नाही, मला ब्राउझरमधून त्याचे दार ठोठवावे लागे. मायक्रोसॉफ्टचे ‘वननोट’ सर्वत्र चालते, पण चार आकड्यांसाठी तो पसारा मला नको वाटला. गूगलचे ‘कीप’ सुटसुटीत खरे. मी मात्र हौसेने निराळेच एक ॲप निवडले. त्याचे नाव सांगत नाही. दोष निम्मा माझाही होता.

एका सायंकाळी वीज गेली, वाय-फाय बंद पडले, आणि आईच्या खोलीत मोबाईलचे नेटवर्क मुळातच पोहोचत नाही. बहिणीने इन्सुलिन टोचले, नोंद केली व ती पाने वाढावयास गेली. नोंद तिच्याच मोबाईलमध्ये अडकून राहिली. माझ्या पडद्यावर रकाना रिकामा! मी तेथे प्रश्नचिन्ह मांडले आणि सुई भरून आईच्या उशाशी उभा राहिलो. स्वयंपाकघर दहा पावलांवर होते, विचारता आले असते. पण माझा विश्वास पडद्यावर.

“अरे, आत्ताच तर टोचलं हिनं,” आई डोळे न उघडताच म्हणाली.

दुसरी मात्रा गेली असती तर साखर कोठवर उतरली असती, ह्या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पाहतो तो माझे प्रश्नचिन्ह टिकलेले, आणि तिची नोंद पुसलेली.

त्यानंतर मी रंग, चित्रे, खुणा पाहणे सोडले. दोन्ही मोबाईलचे नेटवर्क बंद करावयाचे, एकच ओळ दोघांनी बदलावयाची, मग नेटवर्क जोडून काय उरते ते पाहावयाचे, अशी परीक्षा घेऊ लागलो. ‘जॉप्लिन’ नावाचे विनामूल्य ॲप अशा वेळी झगडा झालेली प्रत निराळी राखून ठेवते. शिवाय त्यातील मजकूर साध्या अक्षरांत बाहेर काढता येतो. तपासण्यांचे अहवाल व डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न आता तेथे असतात.

इन्सुलिनची नोंद मात्र सुयांच्या डब्याला सुतळीने बांधलेल्या शंभर पानी वहीत होते. बहीण दिवाळीपूर्वी इंदूरला परतली. आई आता स्वतःच वहीत खूण करते, आणि कचेरीस निघण्यापूर्वी मी ती पाहून जातो.