पाच लाखांचे कार्ड आणि एका दिवसाची मजुरी

आरोग्यविम्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा विमा असलेली माणसेच करतात. यंदा हप्ता किती वाढला, दावा किती दिवसांत मंजूर झाला, कोणत्या रुग्णालयात रोकडविरहित सोय आहे, असे तिचे विषय असतात. २०२५च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के कर उठला, तेव्हा अनेक घरांत समाधान व्यक्त झाले आणि ते रास्तही होते. परंतु वाचकहो, ज्यांच्या घरात हप्त्याची पावतीच कधी आली नाही, त्यांच्या आजाराचा हिशोब या चर्चेत कुठे बसतो, हा प्रश्न मला सोलापुरात राहून सतत पडत आला आहे.

सोलापूर हे एके काळी गिरणीच्या भोंग्यावर चालणारे गाव होते. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि एकेक करून बंद पडल्या. आज पूर्व भागातल्या गल्ल्यांतून फिरलात तर यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. चादर आणि टॉवेलमुळे या शहराचे नाव देशभर पोहोचले. ते ज्यांनी पोहोचवले त्यांतले बहुतेक मजूर रोजंदारीवर किंवा नगावर काम करतात. हजार विड्यांचा दर ठरलेला, कापडाचा मीटरचा दर ठरलेला. हात थांबला की मिळकत थांबते.

या लोकांच्या आजारपणाचा विचार आपल्या देशात फार पूर्वी झाला होता. १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर या अर्थतज्ज्ञांवर औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. पुढल्याच वर्षी त्यांनी अहवाल दिला आणि त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनने करांच्या पैशातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. आपण निराळी वाट धरली: मालक आणि कामगार दोघांनी पगाराच्या प्रमाणात वर्गणी द्यायची. आज मालक सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का देतो.

या कायद्याचा विशेष असा, की त्याने औषधोपचाराबरोबर बुडालेल्या मजुरीचाही विचार केला. विमाधारक कामगार आजारी पडला, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत त्याला वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. डॉक्टर, औषध आणि घरची चूल या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या बाजू आहेत, हे त्या पिढीने ओळखले होते. मात्र हे छत्र साधारणपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेलाच आणि महिना एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्यालाच लाभते. चार मागांच्या शेडमधला विणकर आणि घरच्या उंबऱ्यावर विड्या वळणारी बाई त्या छत्राबाहेर राहिली.

विडी कामगारांसाठी १९७६च्या कायद्याने वेगळा कल्याण निधी उभारला गेला. विड्यांवर उपकर बसवून त्या पैशातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीला साहाय्य मिळत असे. २००६ साली कुंभारी येथे विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली, तिची देशभर वाखाणणी झाली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. स्वतःच्या कामातून जमणारा, स्वतःच्या नावाचा पैसा तिथे संपला. पुढचा खर्च अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर विसंबला.

दरम्यान दुसरे एक दार उघडले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू लागले. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, केंद्राच्या योजनेशी तिची सांगड घातली गेली, मर्यादा पाच लाखांवर गेली आणि २०२३च्या निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्यात आली. या योजनेमुळे आपल्या शहरात किती घरांतले दागिने सावकाराकडे जाण्यापासून वाचले असतील, याची कल्पना आपण करू शकता. म्हणून पुढे जे लिहिते आहे, ते तिला कमी लेखण्यासाठी नाही.

आमच्या गल्लीतल्या एका विणकराचे उदाहरण सांगते. वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेह काही वर्षांचा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात साखरेच्या गोळ्या विनामूल्य मिळतात, हे त्यांना ठाऊक होते. परंतु केंद्राची वेळ सकाळची आणि रांगेत उभे राहायचे म्हणजे पाळी बुडायची. गोळ्या फुकट होत्या. दिवस फुकट नव्हता. मग गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. पायाला झालेली जखम चिघळली, बोट काळे पडले, तेव्हा रुग्णालय गाठले. तिथे योजनेखाली शस्त्रक्रिया झाली, एक रुपयाही द्यावा लागला नाही. पायाची दोन बोटे गेली. त्यानंतरचे तीन महिने ते मागावर उभे राहू शकले नाहीत. त्या तीन महिन्यांत त्यांच्या पत्नीने रात्री उशिरापर्यंत विड्या वळल्या आणि मोठ्या मुलीचे महाविद्यालय सुटले.

या घराला विमा होता की नव्हता? कागदावर होता. शस्त्रक्रियेपुरता तो खराही ठरला. त्याआधीच्या वर्षांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत मात्र हे घर विम्यावाचूनच होते. खाटेवर झोपल्यावर सुरू होणारा आणि खाटेवरून उठल्यावर संपणारा विमा गरिबाला नकळत एक गोष्ट शिकवतो: थांब, आजार मोठा होऊ दे.

सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ माझ्याशी यावर नेहमी वाद घालतात. त्यांचे म्हणणे, मोटारीला विमा सक्तीचा असतो, तर माणसाला का नसावा? प्रत्येकाने आपापला काढावा, सरकारने फक्त अगदी निराधारांचे पाहावे. त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे: तरुणपणी, निरोगी असताना घेतलेला विमा स्वस्त पडतो आणि आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी तो घ्यावाच. परंतु खासगी विमा शरीराकडे पाहून हप्ता ठरवतो. वय वाढले, साखर निघाली, की हप्ता चढतो. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. कामगार विमा मिळकतीकडे पाहून वर्गणी ठरवतो. ज्याला गरज जास्त त्याच्याकडून अधिक घ्यायचे, की ज्याची ऐपत जास्त त्याच्याकडून, एवढाच खरा वाद आहे. आठवड्याच्या हिशोबावर जगणाऱ्या घराने वर्षाचा हप्ता एकरकमी भरावा, ही अपेक्षा व्यवहारातही टिकत नाही.

रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. सरकारने ठरवलेले दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, ही त्यांची तक्रार जुनी आहे. नुसती मर्यादा वाढवून ती मिटणार नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून देत होते. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही मोठी प्रगती आहे. पण बुडालेली मजुरी या आकड्यात मोजलीच जात नाही. सायंकाळी उघडी राहणारी आरोग्य केंद्रे आणि आजारपणातल्या दिवसांची थोडी तरी भरपाई, या दोन गोष्टी झाल्या तर माझ्या शेजाऱ्यांसारख्यांची बोटे वाचतील.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात जे आहे, ते आपण करावे. घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. योजनेचे कार्ड प्रकृती चांगली असतानाच काढून ठेवा. शिधापत्रिका आणि आधारवरची नावे जुळतात का ते पाहा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल, तर ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट न लावता त्यांना पाच लाखांचे स्वतंत्र संरक्षण मिळते. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या. घरातले कोणी दहांहून अधिक माणसांच्या कारखान्यात कामाला असेल, तर पगाराच्या चिठ्ठीवर विम्याची वर्गणी दिसते का, हे त्यांना विचारा.

आणि एक शेवटची गोष्ट. मालक म्हटले की आपल्यापुढे गिरणीवाला किंवा विडी कारखानदार उभा राहतो. पण आपल्या घरी भांडी घासायला, पोळ्या करायला, आजीला सांभाळायला येणारी बाईही कुणाची तरी कामगार आहे आणि तिचे मालक आपण आहोत. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ सालापासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. तिची नोंदणी झाली आहे का, हे विचारायला आपल्याला दोन मिनिटे लागतील. तिचे कार्ड निघाले आहे का, तिची साखर कधी तपासली होती, हेही त्याच वेळी विचारता येईल. आजारपणाच्या रजेचे पैसे कापणार नाही, असे तिला आधीच, ती ठणठणीत असताना सांगा. वर्षाचे किती दिवस, तेही ठरवा आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, म्हणजे तिला दवाखान्यात जायचे असेल त्या सकाळी दिवस बुडण्याचे भय राहणार नाही.