नाणेघाटापलीकडचे बंदर

आळेफाट्यावर उभे राहिले की चार वाटा फुटलेल्या दिसतात. एक पुण्याला, एक नाशिकला, एक अहिल्यानगरला आणि एक माळशेज घाट उतरून कल्याणला. कांद्याच्या, टोमॅटोच्या गाड्या या शेवटच्या वाटेने खाली धावतात. वाचकहो, घाटमाथ्यावरचा माल समुद्राकडे नेण्याचा हा उद्योग दोन हजार वर्षांचा आहे आणि त्याचे दुसरे टोक आफ्रिकेच्या उत्तरेला, मिसर म्हणजे इजिप्त देशात होते.

त्या काळची वाट माळशेजच्या शेजारून, नाणेघाटातून उतरे. सातवाहन राजांच्या अमदानीत पैठणकडून येणारे तांडे जुन्नरला विसावत आणि घाट उतरून कल्याण, सोपारा या बंदरांकडे जात. नाणेघाटातील नागनिका राणीचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण तुम्ही पाहिला असेल. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. ते आपल्या मुलखात येऊन दानधर्म करण्याइतके रुळले होते.

आता पलीकडचे बंदर पाहू. तांबड्या समुद्राच्या मिसरकडील किनाऱ्यावर बेरेनिके नावाचे गाव होते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमी राजाने ते वसवले आणि आपल्या आईचे नाव त्याला दिले. मागे वाळवंट, पुढे खारे पाणी. पाऊस जवळजवळ नाहीच. अशा जागी बंदर का? तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक उत्तरेकडून वाहतो. शिडाच्या जहाजाला त्याविरुद्ध वर जाणे जिकिरीचे. म्हणून माल दक्षिणेलाच उतरवत आणि उंटांवर लादत. उन्हामुळे बराचसा प्रवास रात्री करून बारा दिवसांत तांडा नाईल नदीवरच्या कोप्टोस गावी पोचे. तेथून होड्यांनी अलेक्झांड्रिया आणि पुढे भूमध्य समुद्रातून रोम.

हा सारा व्यापार आपल्या मोसमी वाऱ्यावर चाले. जहाजे जुलैच्या सुमारास मिसरहून निघत, नैर्ऋत्येचा वारा शिडात घेऊन सप्टेंबरपर्यंत आपल्या किनाऱ्याला लागत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्याने परतत. ज्या पावसाकडे आपण डोळे लावून बसतो, त्याच वाऱ्यावर त्यांचाही हंगाम असे.

बेरेनिके सहाव्या शतकात ओस पडले. १९९४ पासून तेथे उत्खनन होत आहे. भारतीय बनावटीच्या एका रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. सागवान, नारळ, तांदूळ, एवढेच काय मूगही मिळाले. २०२३ मध्ये तेथे बुद्धाची संगमरवरी मूर्ती, संस्कृत लेख आणि दुसऱ्या शतकातील सातवाहनांची दोन नाणी मिळाल्याचे जाहीर झाले. जुन्नरच्या राजांचे नाणे मिसरच्या वाळूत!

मात्र हा व्यापार नेहमीच सुरळीत चालला असे नाही. पहिल्या शतकात मिसरमधल्या एका ग्रीक माणसाने सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. तो सांगतो की कल्याण पूर्वी खुली पेठ होती. पुढे सत्ता बदलली आणि तेथे चुकून गेलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. राज्यकर्त्यांच्या भांडणात बंदर अडले. अशा वेळी घाटमाथ्यावरच्या तांड्यांनी काय करायचे?

हा प्रश्न जुना झालेला नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबडा समुद्र युरोपचा हमरस्ता बनला. नारायणगावची, नाशिकची द्राक्षे याच रस्त्याने युरोपला जाऊ लागली. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुतींनी तेथे जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा बरीच जहाजे सारा आफ्रिका खंड वळसा घालून जाऊ लागली. दोन-दोन आठवडे जास्त लागले, भाडे चढले. द्राक्षासारख्या नाजूक मालाला हा उशीर सोसत नाही.

तेव्हा बाजारभावाबरोबर जहाजांच्या बातम्याही वाचत चला. मिसरकडची वाट अडली, की तिची झळ आपल्या बांधापर्यंत येते. आणि कधी सवड काढून मुलांना नाणेघाटावर न्या. कड्यावरून कोकण दाखवा आणि सांगा, आपल्या मुलखातून जगाकडे जाणारी वाट येथूनच खाली उतरत होती.