जैनदची पद्मावती

आदिलाबादला नणंदेकडे गेले की ती दर खेपेला म्हणायची, "वहिनी, एकदा जैनदला जाऊ. नावच बघा ना, आपलंच गाव असणार!" यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत तो योग आला.

जैनद आदिलाबाद शहरापासून वीसेक किलोमीटर. पैनगंगा ओलांडली की पलीकडे महाराष्ट्र, म्हणून दुकानात तेलुगूत सुरू झालेलं बोलणं मराठीवर कधी येतं ते कळतही नाही. वाटेत काळी रानं, फुटलेला कापूस, मधून तुरीच्या ओळी आणि सातनाला धरणाचं पाणी नेणारे कालवे.

देऊळ काळ्या दगडाचं. आत लक्ष्मीनारायण. मी हात जोडले. नणंद मात्र खांब न् खांब न्याहाळत होती, कुठे तीर्थंकरांची खूण दिसते का म्हणून.

जैनदला सापडलेला शिलालेख वेगळंच सांगतो. तो परमार घराण्यातल्या जगद्देवाच्या काळचा, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा. आरंभीच सूर्याला वंदन आहे. जगद्देवाच्या पदरी असलेल्या लोलार्काच्या पत्नीनं 'निंबादित्य' नावाचं देऊळ बांधल्याचं त्यात कोरलंय. तिचं नाव पद्मावती.

हे सांगितल्यावर नणंद जरा हिरमुसली. मग म्हणाली, "पद्मावती? म्हणजे नाव तरी आपलंच की!" पार्श्वनाथांची पद्मावती आपल्या घरोघरी. आम्ही दोघी हसलो.

जुनं देऊळ दिसलं की आपल्यात पहिला प्रश्न येतो, मूळचं कुणाचं? तो अभ्यासकांनी जरूर विचारावा. माझ्या मनात मात्र दुसरंच घोळत राहिलं. राज्य गेलं, भाषा बदलल्या, देव बदलला. एका बाईचं नाव दगडात टिकलं. आणि आपल्या देवळातल्या संगमरवरी पाट्यांवर? 'धर्मपत्नी', 'मातोश्री', 'परिवार'. उपास आपण करायचे, पै पै बाजूला आपण टाकायची, अन् पाटीवर नाव मात्र घरधन्याचं. माझ्या आजेसासूनं मंदिराला पाटल्या दिल्या होत्या म्हणे. तिचं नाव घरात आज कुणालाच सांगता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात नणंद शिलाईचे साठवलेले पैसे घेऊन मंदिरात गेली. पावती फाडणाऱ्यानं सवयीनं भाऊजींचं नाव लिहायला घेतलं.

"थांबा," ती म्हणाली, "माझं लिहा."