इथे कोण राहत होतं?

पुणेरी पाट्या आता सगळ्या जगाला पाठ आहेत. दुपारी बेल वाजवू नका, गेटसमोर गाडी लावू नका... फॉरवर्ड होऊन होऊन गुळगुळीत झाल्यात त्या. मला सध्या वेड लागलंय ते वेगळ्याच पाट्यांचं.

साधी पाटी. एखाद्या जुन्या घराच्या भिंतीवर, रस्त्यावरून जाताना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावलेली. तिच्यावर फक्त चार गोष्टी. नाव, जन्म-मृत्यूची सालं, केलेलं काम एका ओळीत आणि 'इथे अमुक साली राहत होते'. बस्स! हार नाही, पुतळा नाही, चौथरा नाही.

लंडनमध्ये अशा निळ्या पाट्या जागोजागी दिसतात. १८६३ साली विल्यम एवर्ट नावाच्या खासदाराने पार्लमेंटमध्ये ही कल्पना मांडली आणि १८६७ मध्ये पहिली पाटी लागली, कवी बायरनच्या जन्मघरावर. गंमत म्हणजे ते घर पुढे १८८९ मध्ये पाडलंच! तरी योजना चालू राहिली आणि आज अशा हजाराच्या आसपास पाट्या तिथे आहेत. नाव कोणीही सुचवू शकतं. मात्र ती व्यक्ती जाऊन किमान वीस वर्षं झालेली हवीत, घर मूळचंच हवं आणि मालकाची परवानगी हवी. पुण्यातही काही घरांवर महापालिकेने निळ्या पाट्या लावल्यात. कधी पेठांमधून चालत गेलात तर मान वर करून बघा.

आता तुम्ही म्हणाल, हिला अचानक हे काय सुचलं?

त्याचं असं आहे, मी जळगावची. नोकरी पुण्यात. ऑफिसमध्ये कुणी नवीन भेटलं की संवाद ठरलेला. ''कुठली गं तू?'' ''जळगाव.'' ''अरे वा! केळी, सोनं, भरीत!'' मग मी हसते. उन्हाळा असेल तर ''कसे राहता बाबा तुम्ही त्या उन्हात'' हे बोनस. माझ्या शेजारी बसणारा धुळ्याचा आहे. त्याच्या वाट्याला तर शेवभाजी सोडून काहीच येत नाही.

ऑफिसमधल्यांचं सोडा हो. मागच्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने विचारलं, ''मावशी, आपल्याकडे कुणी फेमस झालंच नाही का? सगळे पुण्या-मुंबईचेच कसे?'' त्या वेळी आम्ही दोघं काव्यरत्नावली चौकात उभे होतो.

चौक आहे, पत्ता नाही

जळगावकरांना काव्यरत्नावली चौक सांगायला नको. संध्याकाळी निम्मं गाव तिथे असतं. रिक्षावाल्याला नुसतं 'काव्यरत्नावली' म्हटलं तरी पुरतं. पण हे नाव कुठल्या देवीचं नाही की कुठल्या ज्वेलर्सचं नाही. 'काव्यरत्नावली' हे मासिक होतं. फक्त कवितेचं मासिक! १८८७ मध्ये नाना फडणीस या गृहस्थांनी ते जळगावहून सुरू केलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. केशवसुतांच्या कविता त्यात छापून आल्या. याच नानांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं. धरणगावचा सतरा वर्षांचा एक पोरगा तिथे उभा राहिला, कविता म्हणाला आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्याचं नाव आपण परीक्षेत गाळलेल्या जागा भरण्यापुरतं पाठ केलं.

मी हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न आला, ''मग ते मासिक छापायचे कुठे? घर कुठलं त्यांचं?''

हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे मोठ्या माणसाचं नाव चौकाला देतात, सभागृहाला देतात, विद्यापीठाला देतात. ते नाव मग रिक्षाच्या स्टॉपचं होतं, बसच्या पाटीवर जातं, पत्त्यात लिहिलं जातं. एवढ्या वेळा उच्चारलं जातं की ते कुणाचं होतं हे ऐकूच येईनासं होतं. आणि तो माणूस ज्या जिन्यावरून रोज चढला-उतरला, त्या घरावर मात्र 'येथे गाळे भाड्याने देणे आहे' एवढंच लिहिलेलं असतं.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत जळगावने दोन्ही केलं. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, ते छानच झालं. पण मला विचाराल तर पाहुण्यांना मी विद्यापीठात नेणार नाही, जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात नेईन. त्यांचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलंय. लिहिता-वाचता न येणारी एक बाई इथे दळत-कांडत होती, शेतावर जात होती, आणि तोंडाने ओव्या चालू होत्या. मुलाने, सोपानदेवांनी, त्या लिहून घेतल्या म्हणून उरल्या. पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. हे नुसतं वाचणं वेगळं आणि त्या घरात उभं राहून कळणं वेगळं. घराची उंची, उंबरा, चूल... इतक्या साध्या जागेतून एवढं मोठं काही निघालं, हा धक्का विद्यापीठाच्या कमानीखाली बसत नाही.

गल्ली नंबर अमुक

आता धुळ्याकडे या. धुळ्याची गंमत म्हणजे तिथे गल्ल्यांना नंबर आहेत. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने आखलेलं हे शहर. आग्रा रोड मधोमध आणि गल्ल्या सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. माझा ऑफिसातला शेजारी म्हणतो, ''आमच्याकडे जीपीएस यायच्या आधीपासून सगळं डिजिटल आहे!'' पण ज्या गावात गल्लीलाही नाव नाही, नंबर आहे, तिथे कोण राहत होतं हे कळायला पाटीची गरज जास्तच.

आणि राहत कोण होतं? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे! 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड ज्यांनी काढले, गावोगाव फिरून दप्तरांतले कागद ज्यांनी गोळा केले, ते राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले. पुढे लगेच, १९२७ मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं. ते आजही आहे.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट तर सिनेमासारखी. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा तिथे गीतेवर बोलले. एकेका रविवारी एकेक अध्याय. समोर कैदी बसलेले, आणि त्यातलाच एक कैदी भराभर लिहून घेतोय. तो कैदी म्हणजे साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं तयार झालं. आपल्या मीटिंगचे मिनिट्स कोण लिहिणार यावर आपण किती वेळ घालवतो, ते आठवून मला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

नोकरदार मंडळींसाठी खास एक. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात एक तेवीस-चोवीस वर्षांचा इंजिनिअर लागला आणि त्याचं पोस्टिंग आलं नाशिक-खानदेशात. पहिल्या कामांपैकी एक होतं धुळ्याकडे दातर्तीला, पांझरेच्या पाटाचं पाणी पाइपच्या सायफनने पलीकडे न्यायचं. नाव एम. विश्वेश्वरय्या. पुढे त्यांच्या वाढदिवशी देश 'इंजिनिअर्स डे' साजरा करू लागला. पण त्या वेळी तो घरापासून लांब, परक्या भाषेच्या मुलखात आलेला फ्रेशरच होता. पहिली नोकरी, पहिली साइट!

आणि अमळनेर? तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० साने गुरुजी मास्तर होते, वसतिगृहाच्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहीत होते. त्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे हेच नाव आखडून 'विप्रो' झालं. हिंजवडीत विप्रोच्या गेटमधून रोज आत जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

जिथे पाटी लावायला जड जातं

इथवर सगळं अभिमानाचं झालं. पण माझ्या यादीत एक जागा अशी आहे जिथे छाती फुगत नाही.

१९२९ साल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामासाठी धुळ्याला आले होते. परतताना चाळीसगावला उतरले, कारण तिथल्या वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून त्यांना न्यायचं, तर एकही टांगेवाला तयार होईना. परदेशातल्या पदव्या घेतलेले, बॅरिस्टर, मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य. आणि टांगेवाल्यांना ते 'अस्पृश्य' म्हणून नकोत. टांगा भाड्याने मिळेल, हाकायला मात्र कोणी येणार नाही, अशी तोड निघाली. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. वाटेत पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय, तेही किती शांतपणे!

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर ते विद्यार्थी असताना राहिले, त्या दहा नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे, तिथे १९३७ मध्ये त्यांचा मुक्काम झाला. दरवर्षी ३१ जुलैला लोक तिथे जमतात. त्यांना आठवण करून द्यायला पाटी लागत नाही. पाटीची गरज आहे चाळीसगावच्या त्या वाटेवर, आणि ती आहे बाकीच्यांना. मोठ्या माणसाने इथे काय केलं हे लिहायला आपल्याला आवडतं. गावाने त्याच्याशी काय केलं, हे लिहिण्याचीही हिंमत हवी.

चाळीसगावातच स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार. अनेक दशकं हा माणूस त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. मुंबईहून येणाऱ्या पंजाब मेलमधून एक मैत्रीण उतरेल म्हणून ते रोज वाट बघायचे, असं सांगतात. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले. घर संग्रहालय म्हणून राखलंय. पुढच्या वेळी गाडी तिथे थांबली की खिडकीतून नुसता वडापाव घेऊ नका, एक दिवस उतराच.

आणि ही पाट्यांची आयडिया इंग्रजांची, असं वाटत असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणला जा. १२०७ सालचा शिलालेख सापडला तो तिथला. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला. लेखात घराण्याची वंशावळ आहे, आणि मठाला कुठल्या मालावर किती उत्पन्न द्यायचं हे चक्क जुन्या मराठीत कोरलंय. म्हणजे पाटी, ट्रस्ट आणि फंडिंग, सगळं एकाच दगडावर! लंडनच्या पहिल्या पाटीच्या साडेसहाशे वर्षं आधी.

मग आपण काय करायचं?

सगळ्यात आधी, घाई. बळीराम पेठेत, जुन्या जळगावात, धुळ्याच्या गल्ल्यांमध्ये दर सुट्टीत एखादं घर कमी झालेलं दिसतं. कुणाला दोष देऊन उपयोग नाही. भावाभावांत वाटण्या होतात, माडी गळते, मुलं पुण्यात असतात. आमचंही घर आहेच की त्या रांगेत. पण घर पाडायचंच असेल, तर नव्या बिल्डिंगच्या दारात एक ओळ लिहायला किती मार्बल लागतो?

दुसरं, पाटी छोटी हवी. नाहीतर 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या निधीतून', 'यांच्या प्रमुख उपस्थितीत' अशी नऊ नावं ठळक आणि ज्याच्यासाठी पाटी लावली तो तळाशी बारीक टायपात!

आणि तिसरं, विचारा. पुढच्या वेळी गावी गेलात की एक सकाळ शेजारच्या आजोबांसाठी ठेवा. या गल्लीत कोण राहत होतं? शाळेतले नावाजलेले मास्तर, पहिली डॉक्टरीणबाई, हार्मोनियम दुरुस्त करणारा, कुस्तीगीर... मोठ्या यादीत न बसणारेही चालतील. मात्र घर नक्की कुठलं ते दाखवून घ्या, फोटो काढा, तारीख लिहा.

भाच्याला मी काम दिलंय. नाना फडणिसांचं 'काव्यरत्नावली' नेमकं कुठून निघायचं, ते घर शोधायचं. वाचनालयात जायचं, जुन्या अंकांवरचा पत्ता बघायचा, मग त्या पत्त्यावर चालत जायचं. परवा त्याचा फोन आला. चौकशी करायला तो मित्रांना घेऊन गेला होता. एका काकांनी म्हणे विचारलं, ''काय भो, जागा घ्यायची आहे का?''

तो म्हणाला, ''नाही काका. इथे कोण राहत होतं, एवढंच विचारायचंय.''